विकू काय, असं तू विचारायचास

नामदेवा, तुझ्या तेरवीला तुझ्याच अंगणात लोक माझं कौतुक करत होते.

पंगत उठली होती. वहिनींचा मोठा भाऊ हात धुऊन माझ्या शेजारी येऊन बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अरुणभाऊ होते म्हणून वाचलं पाहा हे घर. नाई त आमच्या नामदेवरावानं कवाच शेअर विकून हॉटेल टाकलं असतं, अन् बुडवलं असतं. यायनंच धरून ठेवलं त्याले." आजूबाजूच्या चार लोकांनी माना हलवल्या. सेलूहून आलेल्या एकानं तर माझा फोन नंबर मागितला. कोणता शेअर घ्यावा ते विचारायचं होतं त्याला. तेही तुझ्या तेरवीला.

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, माणूस विनयी आहे. तुझा फोटो समोरच होता, तुझ्या लेकीनं, प्राचीनं निवडलेला, तू फुलकोबीच्या वाफ्यात उभा असलेला. त्याच्याकडे मला बघवेना म्हणून मान खाली घातली होती.

लोक खोटं बोलत नव्हते, हीच तर अडचण आहे. मी धरून ठेवलंच तुला. शेअरच्या बाबतीत माझं म्हणणं बरोबरच निघालं. चुकलो असतो तर आज तुझ्यापुढे उभं राहणं सोपं गेलं असतं.

आपली ओळख एका जळालेल्या मोटारीनं झाली. तू पहाटे हिंगणीहून टेम्पोत भाजी भरून वर्ध्याच्या बाजारात यायचास, आणि त्या दिवशी कोथिंबिरीच्या जुड्यांखाली विहिरीवरची मोटार घालून आणली होतीस. माझ्या दुकानात अशा मोटारी रोज येतात. लोक ठेवून जातात, संध्याकाळी घेऊन जातात. तू गेलाच नाहीस. स्टूल ओढलंस आणि म्हणालास, "मागच्या वक्ती एका जागी देल्ली होती, त त्यानं जुनीच तार भरली. तू माह्यासमोर भर." मला राग आला होता. तरी भरली तुझ्यासमोर.

तेवढ्यात शेअरबाजार उघडला आणि मी सवयीनं फोन हातात घेतला. तू मान लांब करून डोकावलास.

"हे लाल-हिरवं काय होय बे?"

पहिल्याच भेटीत 'बे' म्हणालास. मी सांगितलं, हे शेअर आहेत, म्हणजे कंपनीतला बारकासा हिस्सा. तू बराच वेळ पाहत राहिलास. मग विचारलंस, "म्हंजे कंपनी चालली त आपणही चाललो, अन् कंपनी बसली त आपणही बसलो?" मी हो म्हणालो. "अन् तिले सोडून जाता येते?" कधीही, मी म्हणालो. "मंग हे त लग्नापेक्षा बरं आहे," असं म्हणून तू एवढ्या मोठ्यानं हसलास की समोरचा सायकलवाला वळून पाहू लागला.

तेव्हापासून माल विकून झाला की तू दुकानात यायचास. चहा, थोडा बाजार, मग हिंगणी. माझा मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा मी काही महिने नुसता बसून असायचो. सिंदी मेघेतल्या घरून दुकानापर्यंत येतानासुद्धा पाय जड व्हायचे. तू येशील म्हणून शटर उघडायचो. हे तुला कधी सांगितलं नाही. पुरुष माणसं एकमेकांना असलं काही सांगत नाहीत. त्याऐवजी आपण बाजाराबद्दल बोलायचो.

तुझी पहिली निवड आठवते का? विमान कंपनी. मी म्हणालो, नामदेव, या धंद्यात मोठमोठे बुडाले आहेत. तू म्हणालास, "विमानात त कधी बसलो नाई. मालक त होऊ." वर्षभरात ती कंपनी जमिनीवर आली ती पुन्हा उठलीच नाही. तुला त्याचं वाईट वाटलंच नाही. उलट वरून विमान गेलं की वाफ्यातल्या मजूर बायांना सांगायचास, "ते आपलं नाई वं. आपलं पडलं."

माझीही एक होतीच, साखरेची. कोणीतरी कानात सांगितलं म्हणून घेतली आणि घेतल्यापासून उतरत गेली. मी म्हणायचो, माझ्या खरेदीचा भाव आला की विकून मोकळा होतो. तू एकदा विचारलंस, "अरुण, त्या कंपनीले माहीत आहे काय, तू कितीले घेतला ते?" मी चिडलो. आजही ती माझ्याकडे आहे. आजही मी त्याच भावाची वाट बघतो आहे. स्वतःच्या बाबतीत मी असा आहे, आणि तुझा सल्लागार झालो होतो.

मग तू पाईपवाली कंपनी आणलीस. ठिबकचे आणि ओलिताचे पाईप करणारी. तू म्हणालास, "माह्या वावरात या कंपनीचा पाईप उन्हात पडून राह्यला, त्यावरून बैल गेले, टेम्पो गेला. फुटला नाई. मले याचा शेअर पाह्यजे." मी हसण्यावारी नेणार होतो, पण त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून कंपनीचे आकडे उघडून पाहिले. कर्ज जवळजवळ नव्हतं. नफा दरवर्षी हळूहळू चढत होता. मालकांनी स्वतःचा हिस्सा कुठं गहाण ठेवला नव्हता. मी म्हणालो, घे. आणि मीही घेतले. त्यानंतर दर हंगामाला, वांगी असोत की टमाटर, हाती उरेल त्यातून तू थोडे थोडे घेत गेलास.

शेअर निवडायला एक दुपार पुरते, नामदेवा. धरून ठेवायला मात्र स्वभाव लागतो, असं मी तुला नेहमी सांगायचो. लोक चढताना घेतात, पडताना विकतात आणि मग बाजाराला जुगार म्हणतात. चांगली कंपनी हाती लागली की माणसानं दुसरीकडे बघत बसावं, हे माझं तत्त्व. अजूनही मला ते खरंच वाटतं. ते खरं आहे म्हणूनच मला कुठं लपायला जागा नाही.

टाळेबंदीच्या वर्षी तुझा फोन आला होता. भाजीबाजार बंद, भाजी वाफ्यात पिवळी पडत होती, आणि फोनवर सगळं लाल.

"अरुण, अर्ध्यावर आलं ना बे! विकू काय?"

मी विचारलं, "ओलीत चालू आहे काय?"

"चालू आहे."

"पाईपातून पाणी येऊन राह्यलं न?"

"येऊन राह्यलं."

"मंग कंपनी आहे तिथंच आहे. फोन ठेव अन् पाणी दे."

तू ठेवलास फोन. विकलं नाहीस. पुढच्या दोन वर्षांत तो शेअर कुठल्या कुठं गेला, आणि तू हिंगणीपासून सेलूपर्यंत भेटेल त्याला हा किस्सा सांगत सुटलास. 'पाणी दे' म्हणाला अरुण, फक्त 'पाणी दे' म्हणाला! लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले. मला ते आवडलं. फार आवडलं. एकदा बरोबर ठरलेल्या माणसाला मग कोणी अडवू शकत नाही. तो स्वतःलाही ऐकेनासा होतो, मग दुसऱ्याला काय ऐकणार?

हॉटेलचं तू पहिल्यांदा काढलंस तो रविवार होता. तुझ्या वावरात रोडग्यांचा बेत होता. तसे रोडगे मी दुसरीकडे कुठं खाल्ले नाहीत. कणकेचे थर देऊन केलेले गोळे तू गोवऱ्यांच्या आरावर मांडायचास, चिमट्यानं नाही, हातानं उलटायचास, आणि बाजूला कढईत तुझ्याच वाफ्यातली वांगी शिजत असायची. रोडगा फोडला की वाफ निघायची, त्यात तूप. तू स्वतः शेवटी बसायचास, आणि तेही सगळ्यांच्या पानाकडे बघत. कोणी "बस" म्हटलं तर तुझा चेहरा पडायचा.

तुझं वावर बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. रविवारी वर्ध्या-नागपूरच्या गाड्या जातात. त्या दिवशी एक गाडी थांबली. आतल्या बाईनं काच खाली करून विचारलं, "भैया, यहाँ खाना मिलता है क्या?" तू त्या पाचही जणांना बोलावून जेवायला वाढलंस. पैसे घेतले नाहीस. ते गेल्यावर हात पुसत माझ्याजवळ आलास. तोंडावर आराची लाली होती.

"अरुण, मी काय म्हणतो. पाईपातले थोडेसे विकू काय? इथं एक छप्पर टाकतो. जास्त नाई, शनवार-रविवार. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. बस."

मी तोंडातला घास गिळायच्या आधीच सुरू झालो. आत्ता विकणार? कंपनी नवा कारखाना घालते आहे. हॉटेलचा धंदा दहातले आठ बुडवतात. तुला दोन दिवसांच्या गर्दीवर विसंबून चालायचं नाही. पावसाळ्यात काय करशील?

तू म्हणालास, "वांगं झाडावरच ठेवलं त निबर होते, अरुण. बियाच बिया. मंग कोणी घेत नाई."

मी म्हणालो, "शेअर म्हणजे वांगं नव्हे. सागवान आहे सागवान. जितकं ठेवशील तितकं."

तू रस्त्याकडे पाहिलंस. "सागवान कापते कोणी न कोणी," म्हणालास. "पण लावणारा कापत नाई न बे."

आपण दोघंही हसलो. मला वाटलं, वाद मी जिंकला.

दुसऱ्यांदा तू मला मुद्दाम बोलावून घेतलंस. हिवाळा सरत आला होता. रस्त्यालगतचा तुकडा तू साफ केला होतास आणि जमिनीवर चुन्याची फक्की मारली होतीस, घराचा पाया आखतात तशी. तू त्या पांढऱ्या रेघांमधून चालत मला दाखवत होतास. "हे चुलीचं. इथून धूर मागं जाईन, गिऱ्हाईकाकडे नाई येणार. इथं बसाले चार चटया अन् चार टेबलं, म्हाताऱ्या माणसाईले खाली बसता येत नाई न. हात धुवाचं इकडे, म्हंजे पाणी वांग्याईले जाईन. अन् तू त..."

तू 'अन् तू त' म्हणालास आणि मी मध्येच बोललो. मला आदल्या दिवशीचा कंपनीचा निकाल सांगायचा होता. तुझ्या चुलीच्या जागेवर उभा राहून मी तुला दहा वर्षांनी काय होईल त्याचं गणित मांडून दाखवत होतो. तू ऐकत होतास. तू नेहमीच ऐकायचास. रेघेवर माझा पाय पडून ती पुसली गेली होती. निघताना तू खाली वाकून बोटानं ती नीट केलीस, आणि मी ते पाहिलं, आणि तरीही बोलत राहिलो.

पुढच्या महिन्यात आलो तेव्हा तिथं कोथिंबीर पेरलेली होती.

तिसऱ्यांदा तू दुकानात विचारलंस, सहज, चहा पिता पिता. "विकू काय रे थोडे?" मी फोनमधून डोकंही वर न काढता म्हणालो, "थांब." तू "बरं" म्हणालास. त्यानंतर तू विचारलंच नाहीस. वर्ष गेलं, त्याहूनही जास्त. मला वाटलं, नामदेवाला आता धरून ठेवणं जमलं. तुला शिष्यासारखं घडवल्याचा मला अभिमान वाटायचा. गिऱ्हाइकांना तुझं उदाहरण द्यायचो.

आणि मग ती सकाळ. भाजीबाजारातून एका हमालाचा फोन आला, तुमचा दोस्त पोत्यावर बसला आहे, छातीत जड वाटून राह्यलं म्हणतो. मी शटर तसंच उघडं टाकून धावलो. तुला घाम आला होता. फुलकोबीची पोती उतरून झाली होती, सगळी. ऑटोत तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तू म्हणालास, "टेम्पो रस्त्यात उभा आहे रे. चाबी काढून घेजो." मी म्हणालो, घेतो. बस एवढंच. एवढ्या वर्षांच्या बोलण्यातलं शेवटचं बोलणं टेम्पोच्या चाबीबद्दल.

दवाखान्यात तुला आत नेलं. वहिनी हिंगणीहून निघाल्या होत्या. मी बाकावर बसलो होतो आणि खिशात फोन थरथरला. वहिनींचा असेल म्हणून काढला. बाजार उघडला होता. पाईपच्या कंपनीचा भाव आजवरचा सगळ्यात वरचा झाल्याची सूचना होती.

मी ती वाचली. नुसती वाचून खिशात टाकली असती तर एक वेळ चाललं असतं. मी ती उघडली. आलेख पाहिला. आणि दाराच्या पलीकडे तू असताना माझ्या मनात आलं, बरं झालं याला विकू दिला नाही. शुद्धीवर आला की सांगतो, खूश होईल.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं. फोन माझ्या हातातच होता, उघडा, हिरवा.

ही गोष्ट मी घरी सांगितली नाही, बायकोला, सुषमालाही नाही. तिला वाटतं, मी तुझ्या दुःखानं जेवत नाही. दुःख आहेच, नामदेवा. पण घास घशाखाली उतरत नाही तो लाजेनं.

तुझे शेअर वहिनींच्या नावावर करायची कामं मीच केली. कागद घेऊन दोन-तीनदा हिंगणीला गेलो. एकदा सही करता करता वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? राग नका धरू."

मी म्हणालो, विचारा.

"हॉटेलाले तुम्ही काऊन नाई म्हणत होते?"

मी पुन्हा तेच सुरू केलं. कंपनी, कारखाना, दहातले आठ बुडतात. त्या ऐकत होत्या, तुझ्यासारख्याच. मग म्हणाल्या, "मी त यायले कितीकदा म्हणली, तुमचे शेअर आहेत, तुमचा फोन आहे, विका न. अरुणभाऊजीले काय विचारता? त हे म्हणत, तसं नाई वं. अरुण गल्ल्यावर बसला त मजा आहे. तो दुकानात एकटाच राह्यते, पोरगं पुण्याले, दिवसभर त्या फोनात डोकं घालून बसते. इथं आला त चार माणसाईत राहीन. तो हो म्हणन, तवाच विकीन."

मी हातातले कागद उगाच पुन्हा जुळवायला लागलो.

"तुम्हाले सांगतलं नाई काय यायनं?" त्यांनी विचारलं.

काय सांगणार? 'अन् तू त' एवढंच तू म्हणाला होतास, आणि मी बाकीचं बोलू दिलं नव्हतं. तू मला भाव विचारत नव्हतास. माझ्यासाठी जागा आखून ठेवली होतीस आणि मी येतो का, एवढं विचारत होतास. मी मात्र प्रत्येक वेळी तुला बाजार सांगत होतो.

आता खरं बोलतो. तू सरळ विचारलं असतंस, अरुण, येशील काय माझ्याबरोबर, तर मी हो म्हणालो असतो का? रात्रंदिवस मी स्वतःला पटवायचा प्रयत्न करतो की म्हणालो असतो. पण मी स्वतःला ओळखतो. रविवारी घरी राहायला लागतं, सुषमाची तब्येत, लोक काय म्हणतील, वर्ध्याचा दुकानदार हिंगणीच्या रस्त्यावर रोडगे विकतो. मी नाहीच म्हणालो असतो. बहुतेक तुलाही ते ठाऊक होतं, म्हणून तू मला सरळ विचारलंच नाहीस. मला नाही म्हणावं लागू नये म्हणून तू भावाच्या आडून विचारत राहिलास. इतकी माझी लाज राखलीस तू. आणि मला वाटायचं, मी तुला सांभाळतो आहे.

मागच्या आठवड्यात वहिनींनी मला बोलावलं. प्राची नागपूरहून आली होती, तिची नर्सिंगची परीक्षा झाली आहे, चांगली गेली म्हणते. तिनं चहा केला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, निम्मे शेअर विकाचे आहेत."

रानडुकरांनी कहर केला आहे, नामदेवा. तू होतास तेव्हा तू मचाणावर जाऊन ओरडायचास, फटाके फोडायचास. आता कोण जाणार? टमाटरचे दोन वाफे एका फेऱ्यात उखडून टाकले. पलीकडच्या नाल्यात वाघाचे पंजेही दिसले म्हणतात, त्यामुळे मजूर बाया सकाळी लवकर यायला तयार नाहीत. वहिनींना सगळ्या वावराला जाळीचं कुंपण घालायचं आहे, लोखंडी खांबांचं. वावर ठेक्यानं द्यायला त्या तयार नाहीत. "मी कसन," म्हणाल्या. "मले येते."

प्राचीनं फोन उघडला. मी भाव पाहिला. बाजार त्या दिवशी पडलेला होता, आणि आपला शेअरही बराच खाली आला होता. आणि नामदेवा, एवढं सगळं झाल्यावर, तेरवी होऊन, वहिनींच्या तोंडून ते ऐकून, तुझ्याच घरात बसून मी काय म्हणालो असेन?

"वहिनी, आठवडाभर थांबा. आज भाव खाली आहे. वर येईन."

शब्द तोंडातून निघून गेल्यावर मला ते ऐकू आले. प्राचीनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली. पोरीलाही माझी लाज वाटली. वहिनी मात्र रागावल्या नाहीत. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, डुकरं थांबत नाईत." आणि प्राचीला म्हणाल्या, "दाब वं."

तिनं दाबलं. संपलं. एवढंसं काम होतं ते. इतकी वर्षं आपण दोघं ज्यावर वाद घालत बसलो, ते पोरीनं चहाचा कप खाली ठेवायच्या आत केलं.

मी निघालो तेव्हा वहिनींनी पिशवीत वांगी भरून दिली, नेहमीसारखी. घेऊ नयेत असं वाटलं. घेतली.

दोनच दिवसांनी बाजार उसळला. आपला शेअर जिथून पडला होता त्याच्याही वर गेला. हे तुला सांगायला नको होतं, पण दुसरं कोणाला सांगू? मी म्हणालो होतो तसंच झालं. पुन्हा माझंच बरोबर. क्षणभर बोट वहिनींच्या नंबरवर गेलं, बघा, सांगत होतो ना, असं म्हणायला. मग फोन गल्ल्यात टाकला, दुकान बंद केलं आणि हिंगणीला गेलो.

खांब येऊन पडले होते. खड्डे करायला माणसं कमी होती. मी कुदळ घेतली. या वयात मला ते जमत नाही, तुला माहीत आहे. तू असतास तर पोट धरून हसला असतास. वहिनींनी दोनदा येऊन पाहिलं. पहिल्यांदा खांब मोजून गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "भाऊजी, अजून खोल घ्या. डुक्कर मुसंडी मारते." मी अजून खोल घेतला. हातांना फोड आले. दुपारपर्यंत माझे थोडेच खड्डे झाले, आणि त्यातलाही एक वाकडा.

उन्हात रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली, पुढं जाऊन थांबली आणि वळून परत आली. सेलूचा तोच माणूस होता, ज्यानं तुझ्या तेरवीला माझा नंबर मागितला होता. मला मातीत उभा पाहून त्याला काही समजेना.

"अरुणभाऊ, तुम्ही इथं?" तो म्हणाला. "अन् आज मार्केट कसं आहे?"

मी कुदळ टेकवून घाम पुसला आणि म्हणालो, "पाह्यलं नाई."

खोटं बोललो, नामदेवा. पाहिलं होतं.